मधुमेहातली पायांची आग आणि स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर : तपासणीपासून रोजच्या वापरापर्यंत

मधुमेही न्यूरोपथीचं दुखणं विचित्र असतं. रात्री तळवे पेटतात, चादर पायाला लागलेली सहन होत नाही, मध्येच विजेचा झटका बसावा तशी कळ येते. आणि दिवसा त्याच तळव्याला खडा टोचला तर कळतही नाही. आग आणि बधिरपणा एकाच जागी नांदतात, कारण खराब झालेली नस मेंदूकडे खरी माहिती कमी आणि खोटे इशारे जास्त पाठवते.

गोळ्यांनी ज्यांचं भागत नाही, त्यांना आता स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन हा पर्याय सुचवला जातो. पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर मागच्या बाजूला एक-दोन बारीक तारा सरकवतात. त्यांना लीड म्हणतात. कमरेखाली त्वचेच्या आत काड्यापेटीएवढं बॅटरीचं यंत्र बसवतात आणि त्यातून विजेचे सूक्ष्म स्पंद लीडमार्फत मज्जारज्जूपर्यंत जातात. हे सांगताना बऱ्याचदा एक वाक्य जोडलं जातं, "यानं पायांचं रक्ताभिसरणही सुधारतं." त्यात थोडं तथ्य आहे, पण दुखणं आणि रक्तपुरवठा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते एकत्र केले की चुकीच्या माणसाला चुकीच्या वेळी यंत्र बसतं. म्हणून पुढचा क्रम शक्यतो मोडू नका.

पहिली पायरी : दुखणं नसांचंच आहे ना?

नेहमीची मधुमेही न्यूरोपथी दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होते, साधारण सारखीच वर सरकते आणि मोजे घालतो तेवढा भाग व्यापते. गुडघ्याच्या जवळपास पोचल्यावर कधी हातांच्या बोटांतही मुंग्या सुरू होतात. या नमुन्यात न बसणारं काही दिसलं तर थांबायचं.

कमरेतून एकाच पायात उतरणारी कळ बहुधा मणक्याची असते. चालताना पोटरीत गोळे येतात आणि नुसतं उभं राहिल्यावर दोन-चार मिनिटांत जातात, तेव्हा रक्तवाहिनी अरुंद असल्याचा संशय घ्यावा. उभं राहून बरं वाटत नाही, पण बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर वाटतं, तर कण्याची नलिका अरुंद झालेली असू शकते. आणि काही आठवड्यांतच पायातली ताकद झपाट्यानं जाऊ लागली, तर ही मधुमेही न्यूरोपथीची चाल नव्हे. थेट न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं.

तपासणी साधी असते, फक्त ती खरोखर व्हायला हवी. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (नायलॉनचा बारीक तंतू) तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का, १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कचं कंपन अंगठ्यावर जाणवतं का, टाचणीची टोच आणि गरम-थंड कळतं का, घोट्याचा रिफ्लेक्स येतो का. नर्व्ह कंडक्शनची चाचणी फक्त जाड नसा तपासते. आग होते ती बारीक तंतूंमुळे. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आणि पाय पेटलेले, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. "रिपोर्टमध्ये काही नाही, मनाचे खेळ आहेत" असं कोणी म्हटलं तर ते मनावर घेऊ नका.

रक्ताच्या चाचण्यांत बी१२ नक्की पाहायला सांगा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होतं आणि त्याचीही अशीच न्यूरोपथी होते, फक्त तिच्यावर स्वस्त आणि सोपा उपाय आहे. थायरॉइड, किडनी, रक्तातली प्रथिनं आणि दारू यांचीही चौकशी व्हायला हवी.

एक कारण हटकून निसटतं. बराच काळ चढलेली साखर अचानक खाली आणली, म्हणजे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ३ महिन्यांत २ टक्क्यांहून जास्त उतरलं, तर काही जणांना त्याच सुमाराला पायांची भयंकर आग सुरू होते. साखर सुधारली आणि दुखणं वाढलं, म्हणून माणूस गोंधळतो. हे दुखणं बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप निवळतं. अशा वेळी मणक्यात यंत्र बसवायची घाई करणं मला तरी पटत नाही.

दुसरी पायरी : रक्तपुरवठा मोजून घ्या, अंदाज नको

"पाय गरम आहे, म्हणजे रक्त पोचतंय" हा समज या आजारात फसवा ठरतो. रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवणाऱ्या नसाही न्यूरोपथीत खराब होतात, रक्त आडवाटेनं त्वचेजवळून वाहतं आणि पाय उबदार लागतो. आतल्या पेशींना मात्र प्राणवायू कमी मिळत असू शकतो.

पहिली मोजणी म्हणजे घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर, ज्याला एबीआय म्हणतात. ते ०.९ पेक्षा कमी आलं तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत. पण मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत चुना साठतो, त्या दाबल्या जात नाहीत, आणि आकडा खोटाच वाढतो. १.४ च्या वर आलेला एबीआय चांगला नव्हे, निरुपयोगी समजायचा. अंगठ्याच्या धमन्या सहसा यातून सुटतात, म्हणून अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजतात. तिथलं गुणोत्तर ०.७ च्या खाली गेलं तर अडचण आहे. जखम भरत नसेल तर त्वचेवर सेन्सर लावून पेशींपर्यंत पोचणारा प्राणवायूही मोजता येतो. टीसीपीओटू असं नाव असलेली ही चाचणी पुढे रक्ताभिसरणाच्या संदर्भात पुन्हा येईल.

घरी लक्षात येण्यासारखी एक खूण आहे. रात्री पाय दुखतो, पण पलंगावरून खाली लोंबकळत सोडला की आराम पडतो, तर ते दुखणं रक्त कमी पडल्याचं असण्याची शक्यता मोठी. तसं असेल, बोट काळं पडत असेल किंवा दोन आठवड्यांत जखम आकसत नसेल, तर दुखण्याच्या डॉक्टरांची वेळ पुढे ढकला आणि आधी व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन गाठा. अँजिओप्लास्टी किंवा बायपास शक्य असेल तर तेच आधी. आणि मधुमेह्याचा एक पाय अचानक लाल, गरम आणि सुजलेला झाला तर शार्को फूटची, म्हणजे नसा बधिर झालेल्या पायातली हाडं-सांधे खचत चालल्याची, शंका घ्यावी. त्या पायावर भार टाकणं ताबडतोब थांबवायचं, मग तो दुखत असो वा नसो.

तिसरी पायरी : औषधांना खरी संधी मिळाली का?

"सगळी औषधं करून झाली" हे वाक्य तपासून पाहण्यासारखं असतं. बरेचदा प्रिगॅबालिन ७५ मिलिग्रॅम रात्री, तेही दोन आठवडे, एवढंच झालेलं असतं. हा डोस पुरेसा नाही आणि ही मुदतही पुरेशी नाही. परिणाम होईल अशा मात्रेवर चार ते सहा आठवडे गेल्याशिवाय औषध निकामी ठरवू नये.

मुख्य गट तीन : प्रिगॅबालिन किंवा गॅबापेंटिन, ज्यांची मात्रा किडनीच्या कामावर ठरते, ड्युलोक्सेटिनसारखी औषधं, आणि अमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन, जी हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी जपून घ्यावी लागतात. ब्रिटनमधल्या ऑप्शन-डीएम या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, कुठल्याही गटापासून सुरुवात केली तरी गुण सारखाच दिसला, आणि एकानं न भागणाऱ्यांना दुसरं जोडल्यावर आणखी फरक पडला. त्यामुळे एक औषध सोडून दुसरं धरण्याऐवजी दोन्ही मिळून घेणं हाही एक प्रयत्न आहे. ८ टक्के कॅप्सेसिनचा पॅच हा त्वचेवरचा पर्याय आहे. ट्रॅमाडॉल आणि इतर ओपिऑइड (अफूच्या जातीच्या) औषधांवर दीर्घकाळ राहणं मात्र टाळावं.

एवढं करूनही वर्षभर दुखणं आहे, ० ते १० च्या मापावर ते ५ किंवा जास्त आहे, आणि निदान दोन गटांतली औषधं पुरली नाहीत किंवा सोसली नाहीत, अशा माणसासाठी स्टिम्युलेटरचा विचार रास्त ठरतो.

यंत्र काय करतं, आणि पुरावा कितपत आहे

१९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलं, की वेदनेचा संदेश मज्जारज्जूत जसाच्या तसा पुढे जात नाही. स्पर्शाच्या जाड तंतूंची हालचाल वाढली की तो तिथेच दबतो. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, नॉर्मन शीली यांनी पहिला स्टिम्युलेटर माणसात बसवला. जुन्या पद्धतीत ४० ते ६० हर्ट्झचे स्पंद देतात आणि दुखऱ्या भागात सौम्य मुंग्या जाणवतात. नव्या पद्धतींपैकी सगळ्यात चर्चेतली १० किलोहर्ट्झची. तिच्यात मुंग्या जाणवत नाहीत. यंत्रानं नस दुरुस्त होते असं अजून सिद्ध झालेलं नाही. वेदनेचा संदेश मज्जारज्जूच्या पातळीवर मंदावतो, एवढं म्हणता येतं.

२०१४ मध्ये दोन युरोपीय चाचण्या आल्या. एकीत ३६ रुग्ण होते. सहा महिन्यांनी यंत्राच्या गटातल्या ५९ टक्क्यांना आणि फक्त औषधांवरच्या ७ टक्क्यांना उपचार यशस्वी ठरला. दुसरीत ६० रुग्ण होते. निम्म्याहून अधिक आराम ६० टक्क्यांना विरुद्ध ५ टक्क्यांना. पहिल्या चाचणीतला एक रुग्ण ट्रायलदरम्यान (यंत्र कायमचं बसवण्याआधी काही दिवस तात्पुरती लीड घालून पाहतात, तेव्हा) मज्जारज्जूच्या आवरणाला छिद्र पडून, पुढे मेंदूभोवती रक्तस्राव होऊन दगावला. हे क्वचितच घडतं, पण संमतिपत्रावर सही करण्याआधी ठाऊक असावं.

मग २०२१ मध्ये अमेरिकेतली सेन्झा-पीडीएन चाचणी आली : २१६ रुग्ण, १० किलोहर्ट्झ. तीन महिन्यांनी, मज्जासंस्थेची तपासणी न बिघडता निम्मा किंवा जास्त आराम मिळाला ७९ टक्क्यांना. नुसत्या औषधांवर ५ टक्क्यांना. यंत्र बसवलेल्यांचं सरासरी दुखणं ७.६ वरून सहा महिन्यांत १.७ वर आलं. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेनं या प्रणालीला खास मधुमेही न्यूरोपथीसाठी मान्यता दिली, आणि पुढच्या दोन वर्षांत इतर कंपन्यांच्या प्रणालींनाही ती मिळाली.

आकडे दिपवणारे आहेत, म्हणूनच दोन गोष्टी सांगायला हव्यात. ही चाचणी यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या पैशावर झाली, आणि आपल्याला यंत्र बसलं आहे हे रुग्णांना ठाऊक होतं. खोटं यंत्र बसवून तुलना झाली नाही. पाठीच्या ऑपरेशननंतर पायात दुखणाऱ्या ५० जणांवरच्या २०२२ मधल्या एका चाचणीत यंत्र चालू-बंद करून पाहिलं, तर दोन्ही काळांत फरक आढळला नाही. आजार वेगळा आणि स्पंदांची पद्धतही वेगळी, त्यामुळे तो निकाल इथे सरळ लावता येत नाही. पण अपेक्षेनंही वेदना कमी होते, हे त्यातून दिसतं. माझं मत विचाराल तर मधुमेही न्यूरोपथीतला फरक इतका मोठा आणि टिकाऊ आहे, की तो नुसत्या अपेक्षेचा वाटत नाही. पण ७९ हा आकडा स्वतःला जसाच्या तसा लावूनही घेऊ नये.

सेन्झा-पीडीएनमध्येच सहा महिन्यांनी यंत्र बसवलेल्यांपैकी ६२ टक्क्यांच्या स्पर्शज्ञानात किंवा इतर तपासणीत सुधारणा नोंदली गेली. ही नोंद करणाऱ्या डॉक्टरांनाही कोणाला यंत्र आहे ते माहीत होतं. बधिरपणा जाईल या आशेवर यंत्र बसवू नका. गेला तर ती वरकड कमाई.

रक्ताभिसरणाचं काय?

१९७६ मध्येच असं दिसलं होतं, की दुसऱ्या कारणासाठी स्टिम्युलेटर लावलेल्या काही रुग्णांचे पाय उबदार झाले आणि जखमा भरू लागल्या. यामागे दोन वाटा मानल्या जातात : रक्तवाहिन्या आवळणाऱ्या सिंपथेटिक नसांचा जोर कमी होतो, आणि संवेदी तंतूंच्या टोकाशी सीजीआरपी व नायट्रिक ऑक्साइड ही रसायनं सुटून बारीक वाहिन्या रुंदावतात. याचा अर्थ, परिणाम होतो तो त्वचेजवळच्या सूक्ष्म वाहिन्यांत. मांडीतली किंवा पोटरीतली तुंबलेली धमनी यानं मोकळी होत नाही.

अँजिओप्लास्टी किंवा बायपास शक्यच नाही अशा गंभीर अवस्थेतल्या पायांवर चाचण्या झाल्या आहेत. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या एकत्रित आढाव्यात वर्षभरात साधारण ९ रुग्णांमागे एकाचा पाय वाचला आणि वेदनाशामकं कमी लागली. नेदरलँड्समधल्या १२० रुग्णांच्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र पाय वाचण्यात फरक पडला नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००८ मध्ये नसांच्या दुखण्यासाठी या उपचाराची शिफारस केली आणि रक्त कमी पडल्याच्या दुखण्यासाठी तो संशोधनापुरताच ठेवला.

इथे टीसीपीओटू कामी येते. पायाच्या त्वचेतल्या प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या खाली असेल तर वाढवायला फारसं काही उरलेलं नसतं. १० ते ३० च्या दरम्यान असेल, आणि ट्रायलच्या दिवसांत आकडा स्पष्ट वाढला, तर उपयोग होण्याची शक्यता जास्त. म्हणून रक्ताभिसरणासाठी कोणी यंत्र सुचवत असेल तर विचारा : आधीचा आकडा किती, ट्रायलनंतर किती अपेक्षित, आणि व्हॅस्क्युलर सर्जननं दुसरा मार्ग नाही असं लिहून दिलं आहे का? तिन्ही उत्तरं मिळाली नाहीत तर घाई नको.

चौथी पायरी : ट्रायलआधीची तयारी

मधुमेह्यांसाठी सगळ्यात मोठा धोका संसर्गाचा. सेन्झा-पीडीएनमध्ये दोन वर्षांत यंत्र बसवलेल्या १५४ जणांपैकी ८ जणांना संसर्ग झाला आणि ५ जणांचं यंत्र काढावं लागलं. त्या चाचणीत एचबीएवनसी १० पर्यंत चालवलं होतं, तरी ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी ८ च्या खाली आणणं बरं. मात्र ते दोन महिन्यांत ओढूनताणून नको. वर सांगितलेली साखर झपाट्यानं उतरल्याची आग आठवा. पायाला उघडी जखम, नखाजवळ पू, दातात गळू किंवा लघवीचा संसर्ग असेल तर तो आधी बरा करायचा.

औषधांची यादी हातात घेऊन बसा आणि यातलं एकेक विचारा :

- रक्त पातळ करणारी औषधं. सुई कण्यात जाते, तिथे रक्त साठलं तर मज्जारज्जू दाबला जातो. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, अपिक्साबॅन, ॲस्पिरिन, प्रत्येकाचा थांबवायचा काळ वेगळा. हृदयात अलीकडे स्टेंट बसवली असेल तर हृदयरोगतज्ज्ञाच्या परवानगीशिवाय एकही गोळी बंद करू नका. गरज पडल्यास यंत्रच काही महिने पुढे ढकला.
- डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी औषधं शस्त्रक्रियेच्या ३ दिवस आधी थांबवतात. ती चालू राहिली तर उपाशीपोटी, साखर फार न वाढताही कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याची धोक्याची अवस्था) होऊ शकतो.
- सेमाग्लुटाइडसारखी आठवड्याची इंजेक्शनं. पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवं.

लीडच्या वाटेवर कण्याची नलिका अरुंद नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय करतात. मानसशास्त्रीय मुलाखतही असते. तिला नापास करणारी परीक्षा समजू नका. झोप उडालेली, उदासी दाटलेली असेल तर त्यावरचा उपचार बरोबरीनं सुरू करता येतो.

पेसमेकर असेल तर आजच सांगा. आणि कंपनी निवडताना एक गोष्ट हट्टानं विचारा : पूर्ण अंगाचा एमआरआय चालेल का? मधुमेह्याला पुढे कधी पायाच्या हाडातला संसर्ग पाहायला एमआरआय लागेल, सांगता येत नाही.

पाचवी पायरी : ट्रायल, म्हणजे तुमचा निर्णय ठरवणारा आठवडा

पालथं झोपवून, जागा बधिर करून आणि बहुधा हलकी गुंगी देऊन, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत सुई कण्यातल्या एपिड्युरल (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या) जागेत नेतात आणि तिच्यातून लीड वर सरकवतात. पायांसाठी लीडचं टोक छातीच्या खालच्या मणक्यांपाशी असतं. पूर्ण भूल सहसा टाळतात, कारण पायात अचानक कळ गेली तर ती तुम्ही बोलून दाखवायची असते. लीडची दुसरी टोकं पाठीतून बाहेर येतात आणि पट्ट्यात ठेवलेल्या बाहेरच्या यंत्राला जोडतात. त्याच दिवशी घरी जाता येतं.

पुढचे पाच ते सात दिवस अंघोळ नाही, ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. वाकणं, पिळणं, जड उचलणं नाही. लीड बोटभर सरकली तरी निकाल बिघडतो. पण अंथरुणात पडूनही राहू नका. रोज जे जमत नव्हतं तेच करून पाहायचं आहे.

ट्रायलच्या आठवडाभर आधीपासून एक वही ठेवा. सकाळ, संध्याकाळ आणि मध्यरात्रीचं दुखणं ० ते १० मध्ये. किती वेळा जाग आली. किती मिनिटं सलग चालता आलं. पायावर चादर सोसली का. जादा गोळी किती वेळा लागली. या दिवसांत औषधं वाढवू किंवा कमी करू नका, नाहीतर श्रेय कोणाचं हे कळणार नाही. घरातल्या दुसऱ्या कोणालातरी स्वतंत्र नोंद करायला सांगा. "रात्री उठून बसले नाहीत" हे शेजारी झोपणाऱ्याला आधी कळतं.

लीड काढताना डॉक्टर विचारतील, "निम्म्याहून जास्त फरक पडला का?" तोंडावर होय म्हणायची भीड वाटते, त्यांनी एवढं केलं म्हणून. वही पुढे करा. ८ चं ४ झालं पण झोप तशीच मोडते आहे, तर विचार करायला वेळ मागा. लीड काढल्यावर दुखणं पूर्वीच्या जागी परतलं, तर तोही एक पुरावाच.

सहावी पायरी : कायमचं बसवणं

ट्रायल जमली तर काही आठवड्यांनी पक्की लीड आणि बॅटरी बसवतात. बॅटरीची जागा आधी उभं राहून, बसून, कपडे घालून ठरवून घ्या. पट्टा किंवा नाडी जिथे येते तिथे नको, ज्या कुशीवर झोपता तिथे नको. इन्सुलिन नितंबावर किंवा कमरेजवळ घेत असाल, पंप किंवा ग्लुकोजचा सेन्सर तिथे लावत असाल, तर हे सर्जनला आवर्जून सांगा. बॅटरीच्या खिशाजवळ रोज सुई टोचणं म्हणजे संसर्गाला वाट करून देणं.

चार्ज होणारी बॅटरी दहा वर्षं किंवा जास्त टिकते, पण ती नियमित चार्ज करावी लागते. १० किलोहर्ट्झच्या यंत्राला बहुधा रोज अर्धा-पाऊण तास. चार्ज न होणारी काही वर्षांतच बदलावी लागते, म्हणजे पुन्हा छेद, पुन्हा संसर्गाची शक्यता. ज्यांची दृष्टी मधुमेहानं अधू झाली आहे किंवा हात थरथरतात, त्यांना तरीही दुसरीच सोयीची पडू शकते. चार्जर एकदा स्वतः लावून पाहिल्याशिवाय ठरवू नका.

पहिले दोन महिने

सहा ते आठ आठवडे खाली वाकणं, कंबर पिळणं, डोक्यावर हात ताणणं आणि दोन-तीन किलोंपेक्षा जड उचलणं बंद. तोवर लीडभोवती पक्की पेशी धरत नाही. पाय पाहायला मात्र रोज वाकावं लागतंच, म्हणून घरातल्या कोणाची मदत घ्या किंवा लांब दांड्याचा आरसा वापरा. साखर या दिवसांत जास्त वेळा तपासा.

टाक्यांजवळ लाली, पाणी किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर थांबणारी डोकेदुखी आवरणाला छिद्र पडल्याची असू शकते. आणि पाठीत असह्य दुखणं, पायातली ताकद नव्यानं जाणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. कण्यात रक्त किंवा पू साठला असेल तर मज्जारज्जू वाचवायला हातात काही तासच असतात.

दुखणं कमी झालं म्हणून प्रिगॅबालिन किंवा ड्युलोक्सेटिन एकदम सोडू नका. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानं आठवड्या-आठवड्यानं उतरवायची.

पुढची वर्षं

प्रोग्रॅमिंग एकदाच होत नाही. पहिल्या काही भेटींत स्पंदांची जागा आणि जोर बदलून पाहतात. आराम अचानक थांबला तर आधी बॅटरी आणि रिमोट तपासा, मग एक्स-रेवर लीड सरकली का ते पाहायला सांगा. हळूहळू ओसरला तर प्रोग्रॅम बदलून बराच परत मिळतो, नेहमीच नाही. युरोपातल्या एका गटाचा पाच वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक जणांत उपचार यशस्वी राहिला होता.

फिजिओथेरपीत शॉर्टवेव्ह किंवा मायक्रोवेव्ह डायथर्मी (लहरींनी आतून शेक) कधीच घेऊ नका. उष्णता लीडमधून थेट मज्जारज्जूपर्यंत पोचते. यंत्राचं ओळखपत्र सोबत ठेवा. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनची वेळ आली तर सर्जन आणि भूलतज्ज्ञाला आधी कळवा आणि यंत्र बंद करून घ्या. मुंग्या जाणवणारी पद्धत असेल तर गाडी चालवताना ते बंद ठेवायचं, कारण अंग हलताच मुंग्यांचा जोर बदलतो.

आग थांबलेल्या पायाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका मोठा असतो. रोज तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहणं, अनवाणी न चालणं, पाणी कोपरानं तपासून मगच पाय बुडवणं, वर्षातून निदान एकदा मोनोफिलामेंट आणि अंगठ्याचा दाब, हे यंत्रानंतरही तसंच चालू ठेवायचं. आता चालणं वाढलेलं असतं, त्यामुळे बुटाच्या आतला खडा किंवा वर आलेली शिवण पूर्वीपेक्षा जास्त घासते. बूट घालण्याआधी आत हात फिरवून पाहा. नको झालं किंवा उपयोग उरला नाही तर यंत्र बंद करता येतं आणि काढूनही टाकता येतं. काढायचं ठरलंच तर लीडचं कुठलं टोक आत राहिलं नाही ना, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. आत राहिलेल्या तुकड्यामुळे पुढे एमआरआय नाकारला जाऊ शकतो.